तुमच्या शर्टाचा वास

अहो, परवा युनूसभाई येऊन गेले आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावाला गेले, आपली लेक सारिका तेवढी राहिलीय. मी म्हणत होते, आता जरा निवांत बसून रडता येईल. तर हे समोर आलं. आता रडूसुद्धा धड येत नाही. मधेच राग येतो, आणि तो काढायचा कुणावर? सगळा जन्म तुमच्यावर काढला. आता तुम्ही नाही तर तो माझ्यावरच येऊन पडतो.

युनूसभाई थेट लाईनवरून, स्टँडवरच्या गाड्यांच्या रांगेतून आले होते. तुम्ही दवाखान्यात पडल्यापासून आपली काळीपिवळी तेच चालवतात; तुम्हीच त्यांच्या हातात चावी दिली होती. दुपारची वेळ. त्यांनी दारात चप्पल काढली आणि आत येऊन भिंतीला टेकून बसले. पंख्याचं वारं त्यांच्याकडून माझ्याकडं येत होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाले आणि तिथंच थांबले. तुम्ही आलात असं वाटलं. देवाशपथ सांगते. तोच वास! धुराचा, कडवट, घामात मुरलेला, कॉलरला चिकटलेला. ज्या वासापायी मी तुमच्याशी रोज दारात भांडायची, तोच.

मी म्हणाले, "युनूसभाई, तुमी बिडी कवापासून ओढाया लागला?"

ते दचकलेच. "तौबा तौबा! वैनी, आपुन तर सुपारीबी खात न्हाय."

"मग हा वास कशाचा?"

त्यांनी स्वतःच्या शर्टाची बाही नाकाला लावून बघितली. "मला तर काय येत न्हाय. लाईनीचा आसंल. दिसभर गाडीत बसायचं, धूर खायाचा. आमच्या समद्यांच्याच कपड्याला येतो. घरवाली रोज बोंबलती, माजे कपडे येगळे भिजवती."

एवढं बोलून ते पाणी प्यायले. मग गाडीचं पुढं काय करायचं ते विचारत होते, कुणी घेणारा आहे म्हणत होते. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी त्यांच्या शर्टाकडं बघत बसले होते. सारिकानं चहा आणून ठेवला आणि मला हळूच कोपरखळी मारली, तेव्हा भानावर आले.

तुम्हाला यातलं काही नवीन नाही. पण मला एकदा पहिल्यापासून बोलू द्या. तुम्ही होता तोवर मी बोलत होते ते सगळं टोचून, टाकून, भांडी आपटत. सरळ समोर बसून दोन शब्द सांगितले असं फार थोडं झालं.

तुम्ही बिडी ओढायचा हे लग्नाआधीच कळलं होतं. त्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. आमच्या घरी आजोबा, काका, सगळेच ओढायचे. पण सारिकाचा दहावीचा निकाल लागला आणि आपण तिघं तुळजापूरला गेलो तेव्हा तुम्ही आपणहून म्हणालात, "आज आईच्या पायरीवर हात ठेवतो, मंगल. बिडी बंद." मी मागितलं नव्हतं. खिशातलं बंडल आणि काडेपेटी तुम्ही बाहेरच टाकून दिली, पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला. येताना मला हिरव्या बांगड्या घेतल्या आणि बांगडीवाल्याला सांगत सुटलात, "आज लई मोठं काम केलंय आमी." सारिका लाजून लाल झाली होती. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता! घरी येईपर्यंत मी तुमच्या शेजारच्या सीटवर बसून उगाच हसत होते.

तुम्ही शपथ पाळलीत. हे मला परवा कळलं.

कारण वर्षभर मी विश्वासावर राहिले, कपडे हुंगले नाहीत, आणि मग मला पुन्हा वास जाणवायला लागला. आधीही येत असणार, पण तेव्हा बिडीचा म्हणून सोडून द्यायची. आता बिडी नाही आणि वास आहे, म्हणजे चोरून चाललंय, एवढा सरळ हिशोब होता माझा. तुम्ही संध्याकाळी दारात आलात की मी पुढं होऊन कॉलरला नाक लावायची. सुरुवातीला तुम्हाला त्याची मजा वाटायची. दोन्ही हात आडवे करून, झडती देणाऱ्या चोरासारखं उभं राहायचा. "घ्या मॅडम, तपासा. पोलिसाच्या कुत्र्यात भरती हो तू, आपल्या जळकोटात तुझा उपेग न्हाय."

"हा वास कशाचा?"

"लाईनीचा हाय गं."

"लाईन काय बिड्या ओढती व्हय?"

तुम्ही हसायचा. मी हसायची नाही. मग शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी सापडायला लागली आणि मला तर पुरावाच मिळाला. तोंडाचा वास मारायला बडीशेप! मी ती पुडी सारिकासमोर ताटात टाकली होती. तुम्ही म्हणालात, घसा जळतो म्हणून खातो. मी म्हणाले, बिडीनं जळणारच. पुढं पुढं तुमची मस्करी थांबली. हात आडवे करणं थांबलं. दारात यायचा, मी नाक लावायच्या आधीच शर्ट काढून माझ्या हातात द्यायचा आणि मोरीकडं निघून जायचा. त्याचाही मी अर्थ लावला. म्हणाले, बघा, नजर देत नाहीत.

मी आशाताई ना गावची! घरोघर जाऊन बायांना सांगणारी, की बाई, चुलीत फुंकत बसू नको, पोराला मांडीवर घेऊन तर मुळीच नको, गॅस घे, खिडकी उघडी ठेव. शाळेत जाऊन पोरांना तंबाखूची शपथ देणारी. लोक म्हणायचे, मंगलताईला छातीतलं घरघरणं लांबून कळतं. धूर म्हटलं की मला दोनच जागा माहीत होत्या, चूल आणि बिडी. चूल आपल्या घरात नव्हती. मग राहिलं काय?

आणि तुमची गाडी तर मी रोज बघत होते. बघत होते काय, तिच्यात बसून नळदुर्गला मीटिंगला जायची. स्टँडवर आले की तुम्ही म्हणायचा, "तू त्या पुढच्या गाडीत बस, ती निघालीच. माजा नंबर यायला टाइम हाय." मी मनात म्हणायची, बायकोसमोर ओढता येत नाही म्हणून वाटेला लावतात. आता युनूसभाई म्हणतात, भास्कर तुम्हाला धुरात बसवायला नको म्हणायचा, वैनी. असेल. किंवा खरंच ती गाडी आधी निघत असेल. मी आता कशाचाच सोयीचा अर्थ लावणार नाही, फार लावले.

पण एक मात्र माझं मला ठाऊक आहे. गाडी घेतली त्या वर्षी तुम्ही तिला लई जपायचा. नंबर यायला वेळ असला की इंजिन बंद, खाली उतरून फडक्यानं काच पुसणं चालू. आणि नंबर असतो नावाला. पुढच्या दोन-तीन गाड्या एकदमच भरतात, आणि जी घुरघुरत उभी असते तिच्याकडं माणूस वळतो. तुमच्या गाडीत लोक डोकावायचे, "ही कवा जायाची?" विचारायचे आणि पुढं जायचे. बंद गाडी म्हणजे न जाणारी गाडी. तुम्ही तोंड पाडून घरी यायचा. तेव्हा मीच म्हणाले, "अहो, मीसुद्धा चालू गाडी बघूनच बसते. ठेवा की चालू! जरा पुढं घ्या, जरा मागं घ्या. माणसाला वाटलं पाहिजे, आता चढलो न्हाय तर गेलीच."

तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "गावाला आशाताई आन मला मास्तरीन!" दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ते असं काही जमवलंत की मी लांबून बघत उभी राहायची. एक पाय ब्रेकवर, एक हात दाराबाहेर, "चला नळदुर्ग, नळदुर्ग, एकच सीट, एकच सीट!" आणि आत चार सीट रिकाम्या. गाडी हातभर पुढं, हातभर मागं. म्हाताऱ्या बाया घाबरून पळत यायच्या. "बाबा, थांब रं थांब!" त्या संध्याकाळी तुम्ही गरम भजी बांधून आणली होती. आपण तिघांनी ओट्यावर बसून खाल्ली आणि तुम्ही त्या म्हातारीची नक्कल करून दाखवली. सारिकाला हसून हसून ठसका लागला. त्या भज्यांची चव अजून माझ्या तोंडात आहे.

मला तुमच्याबद्दल नुसतं वाईटच आठवत नाही. कसं आठवेल? माझ्या बायांची पोटं दुखायला लागली की मी पहिला फोन तुम्हाला करायची. तुम्ही बसलेलं गिऱ्हाईक हात जोडून खाली उतरवायचा. "मावशी, मागच्या गाडीत बसा, आज माज्याकडं लेक हाय." कुणाचीही बाळंतीण असो, ती तुमची लेक. रस्त्यावर अर्धं डांबर, अर्धा मुरूम, आणि तुम्ही खड्ड्याखड्ड्याशी भांडत गाडी चालवायचा. "सरक की रं बाजूला, मुडद्या, दिसत न्हाय व्हय आत कोन हाय ते?" मागं कळा देणारी बाईसुद्धा मधेच हसायची. मग आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसून राहायचा, निरोप येईपर्यंत. मुलगी झाली म्हटलं की म्हणायचा, "आमची सारिकाच आली म्हना की." एवढ्या बायांना सुखरूप पोचवलंत तुम्ही. त्यांच्यातल्या कितीजणी तेराव्याला आल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. त्यांना मी काय सांगत होते माहीत आहे? "बिडीनं नेलं गं बाई. लई सांगितलं, ऐकलं न्हाय."

तुमच्या तेराव्याला मी हे सांगत होते. तुमच्या फोटोसमोर बसून.

आणि तो नवरात्रातला दिवस. खोकला तेव्हा चांगलाच वाढला होता. तुळजापूरला जायचं ठरलं आणि निघताना मी म्हणाले, "तुमी कोनत्या तोंडानं आत येता? त्याच पायरीवर हात ठेवला होता ना?" तुम्ही गाडी चालू केलीत. तिथं पोचल्यावर म्हणालात, "गाडीपाशी कुनीतरी पाहिजेच. तुमी मायलेकी जाऊन या." एवढी गर्दी, एवढा उन्हाचा कडाका, आणि तुम्ही पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगेत बसून राहिलात. मी आईसमोर हात जोडले आणि तुमची तक्रार केली. परत आले तेव्हा तुम्ही खाली उतरलात, चपला काढल्यात, आणि प्रसाद दोन्ही हातांनी घेतलात. कुंकवाचं बोट मी लावलं नाही. तुम्हीच पुडीत बोट बुडवून लावलंत. एवढं सगळं दिसत असून मला काही दिसलं नाही. शपथ मोडलेला माणूस असं करतो का हो?

मग डॉक्टर. त्याच्याकडं यायला मला नकोसं वाटतंय, पण आल्याशिवाय सुटका नाही. जिना चढताना तुम्हाला दम लागायला लागला तेव्हा आपण शहरातल्या त्या डॉक्टरांकडं गेलो. भला माणूस. तुम्हाला खुर्चीत बसवलं, पाठीला नळी लावली, मग विचारलं, "धंदा काय करता?" तुम्ही म्हणालात, "काळीपिवळी चालवतो, साहेब." त्यांनी विचारलं, "बिडी, सिगारेट?" तुम्ही म्हणालात, "होती. सोडली."

आणि मी मागून बोलले. "कशाची सोडली! चोरून ओढतात. रोज वास येतो."

डॉक्टर हसले. म्हणाले, "घरात आशाताई असून ही गत?" मीही हसले. आम्ही दोघं, दोन जाणती माणसं, तुमच्याकडं बघून हसलो. तुम्ही भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडं बघायला लागलात. ते पुढं काहीतरी विचारणार होते. गाडी किती तास, खिडकी उघडी असते की बंद, कुठं उभे असता, असं काहीतरी विचारणारच होते, धंदा त्याचसाठी विचारला असणार. पण मी उत्तर देऊन टाकलं होतं. त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, "आधी ती बिडी बंद करा, मग माझं औषध." त्यानंतर तुम्ही कुठल्याच डॉक्टरसमोर तोंड उघडलं नाहीत. काही विचारलं की माझ्याकडं बोट दाखवायचा. "हिला इचारा, हिला समदं म्हाईत हाय."

मी त्यालासुद्धा मान समजले हो.

काल सकाळी मी स्टँडवर गेले. थंडीचे दिवस, ऊन अजून वर आलं नव्हतं. कडेला कुणीतरी पुठ्ठे, प्लॅस्टिक, सायकलचा टायर असं काहीबाही पेटवून शेकत बसलं होतं. गाड्या एकामागं एक चिकटून उभ्या, सगळ्या चालू. एकीच्या सायलेन्सरसमोर दुसरीचं नाक. युनूसभाईंना म्हणाले, "मला तुमच्या जागेवर बसायचंय." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खाली उतरून शेजारी उभे राहिले.

तुमच्या सीटवर बसले. मागं चार-पाच माणसं होती. एक बाई लेकराला शालीत गुंडाळून बसली होती, तिनं काचा वर करायला लावल्या. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं बिडी पेटवलेली. पुढच्या गाडीचा काळा धूर समोरच्या काचेवर आपटत होता आणि डॅशबोर्डाच्या फटीतून आत येत होता. गिअरच्या दांडीपाशी रबर फाटलंय, तिथून आपल्याच गाडीचा धूर वर. मधेच खडीचा डंपर गेला की बाहेरचं काही दिसेना. माझे डोळे चुरचुरले, घशात काहीतरी अडकलं, मी पदर नाकाला लावला. बाजूच्या गाडीतला ड्रायव्हर म्हणाला, "वैनी, सवय लागती."

आणि लागली. तेच तर सांगायचंय तुम्हाला. थोड्या वेळानं मी पदर काढला आणि मला कसलाच वास येईना. धूर तोच, गाडी तीच, आणि नाक मेल्यासारखं. युनूसभाईंना स्वतःच्या बाहीचा वास का येत नव्हता ते कळलं. तुम्ही दारात उभं राहून भाबडेपणानं विचारायचा, "कशाचा वास गं? मला तर काय येत न्हाय," आणि मी म्हणायची, "नाटकं करू नका." सकाळी सात वाजता तिथं बसणारा माणूस, संध्याकाळी मलाच विचारणार ना वास कशाचा ते?

मी युनूसभाईंना म्हणाले, "नंबर येईस्तोवर बंद करा की गाडी." त्यांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. एकदम शांत झालं. लगेच मागून ती लेकरूवाली बाई म्हणाली, "का वं, जायाची न्हाय व्हय ही?" युनूसभाई म्हणाले, "जायाचीच हाय, मावशी, धा मिन्टं." ती उतरली. तिच्यामागं म्हातारा उतरला. दोघं पुढच्या घुरघुरणाऱ्या गाडीत जाऊन बसले. युनूसभाईंनी माझ्याकडं बघितलं. बिचारे माझी परवानगी मागत होते. त्यांच्या घरी तीन पोरं आहेत. मी सीटवरून उतरले आणि म्हणाले, "करा चालू." मग घरी चालत आले, गाडीत नाही बसले.

घरी येऊन सारिकाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. मग म्हणाली, "आई, पप्पांनी मला फोन केला होता एकदा, येडशीला. मी सासरीच होते. म्हणाले, बेटा, तुझ्या आईचा माझ्यावर विश्वास बसंल असं काय करू सांग." मी विचारलं, तू काय म्हणालीस? ती म्हणाली, "मी म्हणाले, बिडी सोडा." आणि भाजीच्या ताटावरच ओणवी होऊन रडायला लागली. लेकीलासुद्धा मीच शिकवलं होतं. तिच्या पाठीवरून हात फिरवायची माझी लायकी नव्हती, तरी फिरवला.

आधीच्या बिड्यांनी तुमचं किती नुकसान केलं आणि गाडीच्या धुरानं किती, हे मला कळायचं नाही. कुणी डॉक्टर आता ते उकलून सांगणार नाही. हे गाडी चालवणं वेळेवर सुटलं असतं तर तुम्ही राहिला असता का, तेही माहीत नाही. पण तुम्ही खोटं बोलत नव्हता. आता ज्या बाया भेटतील त्यांना मी हे सांगणार आहे. काल संध्याकाळी दोघींना सांगितलंसुद्धा. नवऱ्याच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे. फाटलेलं रबर बदलून घ्या म्हणून युनूसभाईंना सांगितलंय. गाडी विकायची नाही, पण आहे तशी चालवायचीही नाही, एवढंच मला अजून सुचलंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मास्तरीनबाई, मग गिऱ्हाईक कसं बसंल ते सांगा."

आता शेवटचं. हे मी सारिकालाही सांगितलेलं नाही.

सोलापूरच्या दवाखान्यात, ते शेवटचे दिवस. दुपार होती. सारिका खाली चहा आणायला गेली होती. तुमच्या नाकाला ती नळी, बोलताना शब्दाशब्दाला थांबायचा. मी स्टुलावर बसून तुमचे पाय चेपत होते आणि तेव्हासुद्धा माझं तेच चालू होतं. "एकदा मान्य करा. मला नका सांगू, आईला सांगा. शपथ मोडून जाऊ नका असं." काय बोलत होते मी! मरणाऱ्या माणसाला!

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग नळी जरा बाजूला केलीत आणि म्हणालात, "मंगल. तू म्हनत व्हतीस ते खरं हाय. वढत व्हतो."

काल स्टँडवरून निघताना मी युनूसभाईंना विचारलं. एखादी तरी? कधी, मित्रांबरोबर? ते म्हणाले, "वैनी, कुनी पुढं केली तर भास्कर हात जोडायचा. म्हनायचा, आईच्या पायरीवर हात ठेवलाय. एकबी न्हाय. आपुन रोज बाजूला बसायचो, खोटं कशाला बोलू?"

पण त्या दुपारी मला हे कुठं ठाऊक होतं? मी स्टुलावरून उठले. किती हलकं वाटलं मला! म्हणाले, "बघा! मी म्हनत नव्हते? आधीच बोलला असता तर एवढं भांडान झालं असतं का?" तुम्ही म्हणालात, "आता बोललो की." मी तुमची उशी सारखी केली, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, केस मागं सारले. "मी सांगते आईला, माफ कर म्हनून. ती करंल." तुम्ही मान हलवलीत. "सांग," म्हणालात. मी तुमचा हात धरून बसले. कितीतरी महिन्यांनी आपण असे बसलो होतो, भांडण न करता. सारिका चहा घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं, आई, काय झालं, एवढी खूश का? तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी हसत होते, अहो.